आंबणाऱ्या रसाला भांडे कोणते?

कैरीचे दिवस आले की घरोघर बरण्या खाली उतरतात. कैरी कोणती घ्यावी, मीठ किती घालावे, तेल कोणते वापरावे, यावर शेजारीपाजारी चर्चा होते. बरणीविषयी मात्र एकच प्रश्न निघतो : ती धुऊन वाळवली का? युरोप-अमेरिकेत घरच्या घरी द्राक्षांची किंवा सफरचंदांची वाइन करणाऱ्या लोकांतही पुष्कळदा हीच रीत दिसते. फळाची, साखरेची, यीस्टची चौकशी आधी. आणि भांडे म्हणजे जे रिकामे सापडेल ते. आमचे म्हणणे असे की, हा क्रम उलटा करावयास हवा. आंबणाऱ्या पदार्थाचे भांडे ही नुसती ठेवण्याची जागा नव्हे. भांड्यातले काही ना काही त्या पदार्थात उतरते आणि पदार्थाबरोबर आपल्या पोटात जाते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. तेव्हा मद्य कसे करावे हे शिकवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु चुकीच्या भांड्याने माणसांचे काय होते, याचा सर्वांत जुना आणि सविस्तर हिशेब वाइन आणि सायडर यांच्या इतिहासात लिहिलेला आहे. तो आपल्या लोणच्याला, कांजीला आणि कोकमाच्या आगळालाही लागू पडतो. म्हणून तो पाहावयाचा.

आधी आंबणे म्हणजे काय ते पाहू. फळाच्या रसातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. हे काम सजीवांचे आहे, हे लुई पाश्चरने १८५७ नंतरच्या संशोधनात दाखवून दिले. भांड्याच्या दृष्टीने यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली आम्ल : द्राक्षाच्या आणि सफरचंदाच्या रसात ते मुळातच असते. दुसरी वायू : एक किलो साखर पुरती आंबली तर दोनशे लिटरहून अधिक वायू बाहेर पडतो. आणि तिसरी काळ. चहा कपात दहा मिनिटे राहतो. आंबणारा रस भांड्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतो. दहा मिनिटांत आम्लाला जे जमत नाही, ते दोन महिन्यांत सहज जमते.

आपल्या आयाआज्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते 'कळकते'. या एका शब्दात बरेच ज्ञान साठवलेले आहे. पितळेतले तांबे आम्लात उतरते, ताकाला हिरवट झाक येते, तोंड कडू होते, मळमळते आणि माणूस भांडे दूर सारतो. येथे तांबे आपल्याशी प्रामाणिकपणे वागते : ते अपाय करते, पण आधी सांगून करते. जस्ताचेही बव्हंशी तसेच. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत लिंबाचे सरबत करून ठेवले तर ते प्यायल्यावर ओकाऱ्या होतात आणि बादलीचा दोष लवकर ध्यानात येतो.

शिशाची गोष्ट वेगळी आहे. ते काहीच सांगत नाही. उलट गोड लागते. ॲसिटिक आम्लाशी संयोग झाला की शिशाचा जो क्षार बनतो, त्याला पूर्वी 'शिशाची साखर' असेच नाव होते. रोमन लोक द्राक्षांचा रस आटवून त्याचा पाक करीत आणि तो वाइनमध्ये घालीत. पहिल्या शतकातील शेतीविषयक लेखक कोलुमेला याने सल्ला दिला की, हा पाक तांब्याच्या भांड्यात न करता शिशाच्या भांड्यात करावा. कारण तांब्याने चव बिघडते. त्याच्या जिभेने साक्ष खरी दिली. निकाल मात्र चुकला. इशारा देणारे भांडे काढून त्याने न बोलता मारणारे भांडे चुलीवर चढवले.

पुढे जर्मनीतील उल्म गावच्या एबरहार्ड गॉकेल नावाच्या वैद्याला असे आढळले की, काही मठवासी भयंकर पोटशुळाने आजारी पडतात, पण वाइन न पिणारे मात्र धडधाकट राहतात. आंबट वाइन गोड करण्यासाठी व्यापारी तिच्यात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड, मिसळीत असत. वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६९६ मध्ये या प्रकारावर कडक बंदी घातली.

परंतु सर्वांत बोधप्रद कथा इंग्लंडच्या डेव्हन परगण्याची आहे. तेथे सफरचंदाच्या रसाची सायडर होई. शेतमजुरांना मजुरीचा काही भाग या सायडरच्या रूपानेच मिळे. ही पद्धत कायद्याने बंद होण्यास १८८७ साल उजाडावे लागले. म्हणजे मजुराने काय प्यावे हे त्याच्या हाती नव्हते; ते मालकाच्या पिंपात ठरे. या परगण्यात एक रोग वर्षानुवर्षे ठाण मांडून होता. पोटात पीळ पडे, शौचास होत नसे आणि पुढे मनगटे लुळी पडत. १७२४ मधील साथीचे वर्णन प्लिमथच्या जॉन हक्सम या डॉक्टराने केले आणि सफरचंदातल्या आम्लाला दोष दिला.

डेव्हनमध्येच जन्मलेल्या जॉर्ज बेकर या डॉक्टराने १७६७ मध्ये साधा प्रश्न विचारला : आम्लच कारण असेल, तर हेरफर्ड परगण्यातही लोक सायडर पितात, त्यांना हा रोग का होत नाही? त्याने दोन्हीकडचे घाणे पाहिले. डेव्हनमध्ये सफरचंदे दळण्याच्या दगडी पन्हळीचे सांधे वितळलेल्या शिशाने भरीत आणि दाबयंत्राला गळू नये म्हणून शिशाचा पत्रा ठोकीत. हेरफर्डमध्ये ही चाल नव्हती. मग त्याने दोन्हीकडच्या सायडरची रासायनिक परीक्षा केली. डेव्हनच्या सायडरमध्ये शिसे सापडले, हेरफर्डच्यामध्ये नाही. डेव्हनचे लोक त्याच्यावर संतापले. आपल्या परगण्याच्या मालाची त्याने बदनामी केली असे त्यांना वाटले. पण हळूहळू घाण्यांतून शिसे गेले आणि त्याच्या मागोमाग रोगही ओसरला. सफरचंदे तीच राहिली, फक्त भांडे बदलले.

बेकरची ही पद्धत आम्हांला फार मोलाची वाटते. आम्ही शाळेत रसायनशास्त्र शिकलो नाही. कारखान्याच्या दारात उभे राहून जेवढे कळले तेवढेच. परंतु कोणत्या खात्यातले कामगार आजारी पडतात, कोणत्या खात्यातले पडत नाहीत, आणि दोहोंत फरक कशाचा, ही विचारपूस कोणत्याही जागरूक संघटनेचे रोजचे काम आहे. बेंजामिन फ्रँकलिन हा मूळचा छापखान्यातला कामगार. ओले खिळे विस्तवावर वाळवू नका, हात जातील, असे लंडनच्या छापखान्यात एका जुन्या कामगाराने त्याला तरुणपणी बजावले होते. १७८६ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे सांगितले आहे. पॅरिसच्या इस्पितळातील पोटशुळाच्या रोग्यांची यादी त्याने पाहिली, तेव्हा त्यातील बहुतेक सारे धंदे या ना त्या रीतीने शिशाशी संबंध येणारे निघाले. त्याच पत्रात त्याने मॅसॅच्युसेट्समधील कायद्याची हकीगतही दिली आहे. रम गाळताना शिशाच्या नळ्या वापरू नयेत, असा तो कायदा १७२३ मध्येच झाला होता. खिळे जुळवणाऱ्याचे हात आणि रम पिणाऱ्याचे पोट, दोहोंचा शत्रू एकच आहे हे त्याने ओळखले होते.

आता आपल्या बरणीकडे येऊ. मातीच्या भांड्यावर जी चकाकी असते ती म्हणजे काचेचा पातळ थर होय. कमी आचेवर हा थर वितळावा म्हणून त्यात शिसे घालण्याची चाल जगभर होती. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधील कुंभारकामाच्या कारखान्यांत हा लेप लावणाऱ्या कामगारांना, विशेषतः बायकांना, शिशाची बाधा होई. त्यांचे गर्भ पडत. १८९५ पासून अशी प्रत्येक बाधा सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. १८९९ मध्ये रसायनज्ञ थॉर्प आणि डॉक्टर ऑलिव्हर यांनी अहवाल दिला की, पुष्कळसा माल शिशाशिवाय करता येतो. ब्रिटनमधील कारखान्यांचा पहिला वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग याने हा लढा जन्मभर चालवला. रंगातील पांढऱ्या शिशाविषयीचा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार मान्य करण्यास त्याच्या सरकारने नकार दिला, तेव्हा १९२६ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढे तो तेथील ट्रेड युनियन काँग्रेसचा वैद्यकीय सल्लागार झाला.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लेपातले शिसे कामगाराला किती बाधेल हे अजमावण्यासाठी तो लेप सौम्य आम्लात घालून किती शिसे विरघळते ते पाहत; कारण पोटातही आम्लच असते. आज तयार भांडे तपासताना त्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ घरातला व्हिनेगर, २४ तास ठेवतात आणि किती शिसे उतरले ते मोजतात. कामगारासाठी जी कसोटी, तीच गिऱ्हाइकासाठी. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे आढळलेले नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त अपाय होतो.

मग भांडे निवडावे कसे? काच सर्वांत उत्तम. आम्लाचा तिच्यावर परिणाम जवळजवळ होत नाही, वास राहत नाही, आतली घाण दिसते. मात्र ती जाड व साधी असावी. चकाकणाऱ्या नक्षीदार क्रिस्टल काचेत शिसे असू शकते; ती साठवणीला घेऊ नये. बरणी उन्हापासूनही दूर ठेवावी.

चिनी मातीची जुन्या वळणाची जड बरणी सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते. एवढ्या आचेला लेप वितळवण्यास शिशाची मदत लागत नाही, म्हणून अशी बरणी चांगली. आतून तडा गेलेली, लेप उडालेली किंवा आतल्या बाजूस भडक रंगवलेली बरणी नको. शोभेची स्वस्त भांडी शोभेलाच ठेवावीत.

स्टेनलेस स्टीलमध्ये फळांचा रस आंबवता येतो. मोठमोठे वाइनचे कारखाने त्याच्याच टाक्या वापरतात. पण मीठ फार दिवस राहिले तर त्यावर बारीक खड्डे पडतात, म्हणून लोणचे त्यात साठवू नये. ॲल्युमिनियमला आम्ल आणि मीठ दोन्ही खातात. लोखंडाने रंग व चव जाते. तांबे-पितळ कल्हईचे असले तरी आंबवण्यास नको : आम्ल हळूहळू कल्हई झिजवते, आणि कथलात शिशाची भेसळ असेल तर ते जिभेला कळणारही नाही.

प्लास्टिकविषयी एक गैरसमज आहे. भांड्याच्या बुडाशी त्रिकोणात जो आकडा असतो, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ते अन्नाला योग्य आहे अशी ग्वाही देत नाही. खाद्यपदार्थांसाठीच बनवलेले भांडे घ्यावे आणि आत ओरखडे पडले की ते टाकून द्यावे, कारण ओरखड्यांत जंतू राहतात. रंगाचा, औषधाचा किंवा रसायनांचा जुना पिंप कितीही धुतला तरी वापरू नये. प्लास्टिक मुरलेले पदार्थ धरून ठेवते आणि मग सावकाश सोडते. गोव्यात फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रस पूर्वी मातीच्या भांड्यांत आंबवीत. आता प्लास्टिकचे पिंपही वापरतात. त्या पिंपात आधी काय होते, हा प्रश्न तेथेही आधी विचारलाच पाहिजे.

राहिला वायू. आंबणाऱ्या रसाचे भांडे कधीही गच्च बंद करू नये. काच फुटून डोळे जाण्याचा धोका असतो. भांडे गळ्यापर्यंत न भरता वर चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. झाकणातून वायू बाहेर जावा, पण बाहेरची हवा आत येऊ नये, यासाठी वाइन करणारे लोक पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर खोलीत वारा खेळता हवा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि टाकीत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. टाक्या साफ करणाऱ्या कामगारांनी हे कधीही विसरू नये.

शेवटी एवढेच. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली, हे चांगले झाले. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारी माणसे आजही आपल्या शहरांच्या कडेला उघड्या हातांनी काम करीत आहेत, आणि संध्याकाळी त्याच कपड्यांनी मुलांना उचलून घेत आहेत. बरणी घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत : ही खाण्याच्या वस्तूंसाठी केली आहे का, आतला लेप कशाचा आहे, यात पूर्वी काही ठेवले होते का, आणि ही कोठे व कोणी केली? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर सरळ काचेची बरणी घ्यावी. चौथ्याचे उत्तर दुकानदाराला बहुधा देता येणार नाही. तरीही तो विचारावा. गिऱ्हाइके विचारू लागली म्हणजे माल करणाऱ्याला उत्तर तयार ठेवावे लागते, आणि त्या उत्तराचा पहिला फायदा भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला होतो.