एका सायंकाळीं वर्षाचा निवाडा

अमेरिकेंतील महाविद्यालयांत बास्केटबॉल हा केवळ विरंगुळ्याचा खेळ नाहीं. तेथें तो विद्यापीठाच्या मानापमानाचा विषय असतो. 1891 सालीं स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नामक शिक्षकानें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं व्यायाम घडावा या हेतूनें तो योजिला. पुढें अनेक विद्यापीठांनीं एकत्र येऊन आपापलीं मंडळें स्थापिलीं. त्यांस तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणतात. मंडळांतील संघ हिवाळाभर परस्परांशीं खेळतात, आणि मार्चच्या सुमारास चार-पांच दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा होऊन विजेता ठरतो. एकदां हरला तो गेला.

ही पद्धति न्याय्य आहे काय? याचा विचार करितांना 1974 सालची हकीकत ध्यानांत घेण्याजोगी आहे. अॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामना त्या वर्षीं 9 मार्च रोजीं ग्रीन्सबरो येथें झाला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट व मेरिलंड हे दोन्ही संघ सबंध देशांत अग्रगण्य गणले जात. परंतु राष्ट्रीय स्पर्धेंत एका मंडळांतून एकाच संघास प्रवेश, असा तेव्हां दंडक होता. नियत वेळांत बरोबरी झाली. जादा वेळ द्यावा लागला. टॉम बर्लसन या सात फुटांहून उंच खेळाडूनें 38 गुण मिळविले, आणि 103 विरुद्ध 100 अशा गुणांनीं मेरिलंडची वाट बंद झाली. विजयी संघ त्याच वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपदास पोहोंचला. त्या रात्रीं मेरिलंडचे मार्गदर्शक लेफ्टी ड्रिसेल प्रतिस्पर्ध्यांच्या मोटारींत चढून त्यांचें अभिनंदन करून आले, हें विशेष होय.

पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय स्पर्धेंतील संघांची संख्या 32 झाली, एका मंडळांतून अधिक संघांस प्रवेश मिळूं लागला, आणि मेरिलंडलाही तो लाभला.

मग ही मंडळाची स्पर्धा मोडीतच काढावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. 2024 सालीं याच नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा संघ मंडळांत दहाव्या क्रमांकावर होता. त्यानें पांच दिवसांत पांच सामने जिंकून मंडळाचें अजिंक्यपद मिळविलें, आणि राष्ट्रीय स्पर्धेंत शेवटच्या चार संघांत स्थान पटकाविलें. केवळ हिवाळ्याचा हिशेब पाहिला असता, तर त्यांस उंबरठाही दिसता ना. एक दिवस श्रमवंताचें वर्ष बुडवितो, तसा दुसरा दिवस मागें पडलेल्यास वर काढितो.

आमच्या घरांतूनही परीक्षेच्या एका दिवसावर मुलांचें वर्ष तोललें जातें. परीक्षा असावी, तिच्यावांचून कस लागत नाहीं. मात्र तीन गुणांनीं मागें राहिलेल्या मुलासाठीं दुसरें दार उघडें ठेवणें, हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे. अमेरिकेंतील व्यवस्थापकांस जें एका वर्षांत उमगलें, तें आपणांस उमगण्यास विलंब कां व्हावा?