दोन षटकांमधला खेळ

क्रिकेटवर जीव असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना हल्ली विचारलं, "कालची मॅच पाहिलीत का?" तर बरेच जण सांगतात, "शेवटच्या दोन-तीन ओव्हर पाहिल्या." १९८३ चा विश्वचषक शेजारच्या घरी दाटीवाटीनं बसून पाहणारी, एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिननं लागोपाठ १४३ आणि १३४ केल्या तेव्हा रात्र जागवणारी, कसोटीच्या शेवटच्या दिवसासाठी रजा टाकणारी हीच ती माणसं. त्यांचं खेळावरचं प्रेम आटलेलं नाही. वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना असला तर ती सकाळी साडेनऊच्या आत जागा धरतात. रोजच्या पेपरात आधी क्रीडा पान उघडतात. मन उडालंय ते वाहिनीवरून.

याचं खापर वयावर किंवा टी-ट्वेंटीवर फोडणं सोपं आहे, पण ते खरं नाही. क्रीडावाहिनीनं या प्रेक्षकाला तीन गोष्टी दिल्या होत्या: सलग खेळ, विश्वासाचा आवाज आणि ठरलेला पत्ता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या तिन्ही एकेक करून काढून घेतल्या गेल्या. त्यामागचं मुख्य कारण एकच आहे, प्रक्षेपण हक्कांची किंमत. ती कशी वाढत गेली आणि तिनं पडद्यावरच्या खेळाचं काय केलं, याचा हा आढावा.

टेलिव्हिजनचं देणं

टेलिव्हिजनचे उपकार आधी मान्य करायला हवेत. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनी वर्ल्ड सिरीज क्रिकेट सुरू केलं, तोवर कॅमेरे मैदानाच्या एकाच टोकाला असत. एका षटकात फलंदाजाचा चेहरा दिसे, पुढच्या षटकात पाठ. पॅकर यांच्या चॅनेल नाइननं दोन्ही टोकांना कॅमेरे लावले आणि प्रत्येक चेंडू गोलंदाजाच्या पाठीमागून दिसू लागला. तिथेच रिची बेनो यांनी समालोचनाची शिस्त घालून दिली: चित्रात जे दिसतंय त्यात भर घालता येत असेल तरच बोलायचं.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत टीव्ही आला. पुढची दहा वर्षं दूरदर्शनची मक्तेदारी होती. बातम्यांची वेळ झाली की रंगात आलेला सामना तोडला जाई, तेव्हा जुना काळ सोन्याचा होता असं म्हणण्यात अर्थ नाही. ही मक्तेदारी मोडली ती १९९३ च्या हीरो कप स्पर्धेवरून झालेल्या वादात. बंगाल क्रिकेट संघटनेनं चित्रणाचं काम ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिलं, दूरदर्शन आणि माहिती-प्रसारण खात्यानं हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही.

१९९६ मध्ये ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स भारतात एकत्र आले. हर्षा भोगले, सुनील गावस्कर, रवी शास्त्री, जेफ्री बॉयकॉट ही मंडळी घरातली झाली. रिव्हर्स स्विंग कसा होतो, दुसरी स्लिप का काढली, डावखुऱ्याला राउंड द विकेट कशासाठी, हे लाखो घरांनी तिथे ऐकलं. त्याच वाहिन्यांवर इंग्लिश फुटबॉल, विम्बल्डन आणि फॉर्म्युला वन भेटले. प्रेक्षकाला काहीतरी कळतं आणि आणखी कळून घ्यायचं आहे, असं ती वाहिनी धरून चालत असे. जुना प्रेक्षक तिच्याशी बांधला गेला तो या आदरामुळे.

एका चेंडूची किंमत

आता आकडे पाहू. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचे हक्क सुमारे १०० कोटी डॉलरला गेले. २०१७ मध्ये स्टारनं पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटी रुपये मोजले. जून २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ या पाच मोसमांची एकूण किंमत ४८,३९० कोटींवर गेली. त्यात भारतातले टीव्हीचे हक्क स्टारनं २३,५७५ कोटींना घेतले आणि डिजिटल हक्क रिलायन्सच्या व्हायकॉम१८ नं.

हा लिलाव ४१० सामने धरून झाला होता, म्हणजे सामन्यामागे ११८ कोटी. टी-ट्वेंटीत दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू. भागाकार केला तर एका चेंडूमागे सुमारे ४९ लाख रुपये पडतात, आणि हे फक्त हक्कांचे. कॅमेरे, माणसं, स्टुडिओ यांचा खर्च वेगळा. एवढी रक्कम वर्गणीतून निघत नाही, ती जाहिरातीतूनच काढावी लागते. मग जिथे जागा दिसेल तिथे जाहिरात बसते. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. पण पडदा आक्रसून कडेला लावलेली पट्टी, धावफलकावरचं चिन्ह, समालोचकाच्या तोंडची नावं यांची मिनिटं कोण मोजणार? आयपीएलच्या पहिल्या पाच मोसमांत षटकाराला मुख्य प्रायोजकाच्या नावानं 'डीएलएफ मॅक्झिमम' म्हटलं जाई. २०१० मध्ये मैदानावर तरंगणाऱ्या एमआरएफच्या महाकाय फुग्याकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा वळे आणि समालोचक त्याचं कौतुक करत. स्ट्रॅटेजिक टाइम-आउट तर नियमातच बसवला: डावात दोनदा, प्रत्येक वेळी अडीच मिनिटं.

साठ सेकंदांत काय काय घडतं

जाहिरात नेमकं काय खाते, हे एकाच षटकाअखेरीकडे नीट पाहिलं तर कळतं. आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांहून जास्त वेळ घालवायचा नाही, असा नियम आता आहे. या मिनिटात मैदानावर पुष्कळ काही घडतं. कर्णधार नव्या गोलंदाजाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला क्षेत्ररचना सांगतो. शॉर्ट लेग हेल्मेट मागवतो, डीप पॉइंट दहा पावलं सरळ सरकतो. फलंदाज खेळपट्टीवरचा एक खडा उचलतो, बॅटनं दोनदा ठोकतो आणि जोडीदाराशी बोलायला मध्यावर येतो. यष्टिरक्षक दोन पावलं पुढे उभा राहतो. पुढच्या चेंडूवर विकेट पडली तर तिचं बी या मिनिटात पेरलेलं असतं.

घरी बसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. सहावा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात विसावतो न विसावतो तोच चित्र कापलं जातं. गाडी, सिमेंट, वेलदोड्याच्या नावाखाली गुटख्याची ओळख करून देणारे सिनेनट, असं सगळं येऊन जातं आणि आपण परततो तेव्हा गोलंदाज रनअपच्या मध्यावर असतो. विकेट पडली की तेच. बाद झालेला फलंदाज परत जाताना मागे वळून खेळपट्टीकडे का पाहत होता, नवा फलंदाज कसा चालत आला, हे दाखवायला वेळ उरत नाही. नवख्या प्रेक्षकाला याची उणीव जाणवणार नाही. त्याला चौकार-षटकार मिळतात. ज्याला खेळ वाचता येतो त्याचंच नुकसान सर्वांत मोठं, कारण तो वाचत होता ते पानच फाडून नेलेलं असतं.

मधली काही वर्षं तर बहुतेक ब्रेकमध्ये संघ बनवून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती असत, आणि त्यात आवडते क्रिकेटपटूच दिसत. मुलं-नातवंडं शेजारी बसलेली असताना हे पाहताना अनेकांचा जीव कासावीस झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा कुठे त्या थांबल्या. वाहिन्यांनी आपण होऊन ही रेषा आखली नव्हती, हे विसरता येत नाही.

आवाजावरचा विश्वास

दुसरी गोष्ट समालोचन. भारतात होणाऱ्या सामन्यांचं चित्रण अनेक वर्षं क्रिकेट मंडळच करून घेत आलं आहे, आणि समालोचकांच्या नेमणुकीतही त्याचा शब्द चालतो. ज्याच्या कारभारावर बोलायचं, त्याच्याच मर्जीवर काम अवलंबून. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपल यांना २०१३ च्या मालिकेसाठी बोलावणं आलं होतं. डीआरएस, संघनिवड आणि प्रशासन या विषयांवर बोलायचं नाही असं कळल्यावर त्यांनी नकार दिला, असं त्यांनीच सांगितलं. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळलं, तेव्हा जाहीर कारण दिलं गेलं नाही. मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर मंडळाच्या यादीतून बाहेर गेले.

या घटनांतून उरलेल्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. संघ चुकला तर चुकला म्हणायचं नाही, खेळपट्टी खराब असली तर 'आव्हानात्मक' म्हणायचं, रटाळ सामन्यालाही रोमहर्षक ठरवायचं. जुना प्रेक्षक टीका ऐकायला आसुसलेला नसतो. त्याला डोळ्यांना दिसतं आणि कानांवर पडतं त्यात मेळ हवा असतो. तो मेळ तुटला की तो आवाज बंद करतो, आणि एकदा आवाज बंद केलेला माणूस टीव्ही बंद करायला फार दिवस घेत नाही.

अमेरिकेत ईएसपीएनच्या बाबतीत हेच निराळ्या वाटेनं घडलं. ७ सप्टेंबर १९७९ ला ब्रिस्टल या छोट्या गावातून सुरू झालेल्या या वाहिनीचा पाया म्हणजे 'स्पोर्ट्ससेंटर' हे खेळाच्या बातम्यांचं नेटकं बातमीपत्र. २०११ च्या सुमारास ती १० कोटी घरांत पोहोचली होती. मग लोक केबल सोडू लागले आणि कोट्यवधी घरं गळाली. त्याच वर्षांत सामन्यांच्या हक्कांचं ओझं वाढत होतं. एप्रिल २०१७ मध्ये वाहिनीनं पडद्यावरचे आणि लिहिणारे मिळून सुमारे १०० जण कमी केले आणि दिवसाचा बराच वेळ दोन माणसांच्या चढ्या आवाजातल्या वादांनी भरला. वाद स्वस्तात तयार होतो. बातमीसाठी माणूस पाठवावा लागतो. आपल्याकडच्या स्टुडिओतही पाहुणे वाढले आणि माहिती आटली, त्याचं गणित वेगळं नाही.

पत्ता हरवलेली मॅच

तिसरी गोष्ट पत्त्याची. २०२२ चे जुलै ते नोव्हेंबर हे पाच महिनेच घ्या. भारताचा इंग्लंड दौरा सोनीवर होता. वेस्ट इंडिज दौरा डीडी स्पोर्ट्स आणि फॅनकोडवर, आशिया चषक आणि टी-ट्वेंटी विश्वचषक स्टारवर, तर न्यूझीलंड दौरा प्राइम व्हिडिओवर. संघ तोच, प्रेक्षक तोच, आणि दर महिन्याला नवं ॲप, नवा पासवर्ड, नवी वर्गणी. सत्तरीच्या गृहस्थांना यासाठी मुलाला फोन करावा लागतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते फोन करणं सोडून देतात.

मोफत पाहण्याची वाटही अरुंद झाली. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं बंधनकारक केलं. मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतं राखलं. केबलवाल्यांना ते देता येत नाही. त्यामुळे केबलच्या घरात दूरदर्शन लावलं तरी सामना दिसत नाही.

इंग्लंडनं याची जबर किंमत मोजली आहे. २००५ च्या ॲशेसमध्ये ट्रेंट ब्रिज कसोटी मोफत चॅनेल फोरवर होती आणि ती एका वेळी ८४ लाख लोक पाहत होते. पुढच्या वर्षापासून हक्क पैसे भरून पाहायच्या स्कायकडे गेले. २००९ मध्ये इंग्लंडनं ॲशेस पुन्हा जिंकली, तेव्हा हा आकडा १९ लाखांच्या आसपास होता. १४ जुलै २०१९ चा विश्वचषक अंतिम सामना चॅनेल फोरवरही मोफत दाखवला, तेव्हा तो पुन्हा ८० लाखांच्या पुढे गेला. प्रेक्षक मेले नव्हते, त्यांच्यासाठी दार बंद होतं.

जिथे जमलं

मन लावून केलं तर हेच टेलिव्हिजन काय करू शकतं, हे कबड्डीनं दाखवलं. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. लालबाग-परळच्या मैदानांवर वाढलेला खेळ मॅटवर, प्रकाशात आला. ३० सेकंदांच्या चढाईत बोनस रेषा कुठे ओलांडली, डाव्या कोपऱ्यानं घोटा कसा धरला, हे वरच्या कॅमेऱ्यातून समजावून सांगितलं गेलं. खेळाचा आदर राखला म्हणून जुने कबड्डीपटूही टीव्हीपुढे बसले. आयपीएलच्या प्रक्षेपणात मराठी समालोचन आलं, तेही स्वागतार्ह. बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांनी आकाशवाणीवर मराठी कानांना खेळ ऐकायला शिकवलं होतं. त्या परंपरेला पडद्यावर जागा मिळाली. २०२३ मध्ये जिओसिनेमावर मराठीत बोलणारा केदार जाधव त्याच मोसमात बंगळुरूच्या संघात बदली खेळाडू म्हणून गेला, इतकी ताजी जाण प्रेक्षकाला आपल्या भाषेत मिळत होती. हे फक्त आयपीएलपुरतं का? मुंबई, विदर्भ, महाराष्ट्र हे तीन संघ रणजीत खेळतात, मुंबईनं ती ४२ वेळा जिंकली आहे, आणि तरीही साखळीतले बहुतेक सामने कुठेच दिसत नाहीत.

जुना प्रेक्षक अजून तिथेच आहे, याचा पुरावा नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानानं दिला. ३० ऑक्टोबर २०२५ ला महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या. तीन दिवसांनी, पावसानं उशिरा सुरू झालेल्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि घराघरांत आजी-आजोबा जागे होते.

आयपीएलच्या हक्कांची सध्याची मुदत २०२७ च्या मोसमाबरोबर संपते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ एक झाले आहेत, त्यामुळे पुढच्या लिलावात किमतीची चढाओढ पूर्वीसारखी होईलच असं नाही. किंमत हेच मूळ असेल तर दुरुस्तीची संधीही तिथेच आहे. निविदा मंडळ काढतं, अटी मंडळ घालतं. षटक संपल्यावर ठरावीक सेकंद मैदान दाखवलंच पाहिजे. चेंडू खेळात असताना पडदा आक्रसायचा नाही. केवळ मैदानाचा आवाज असलेलं एक प्रक्षेपण उपलब्ध हवं. समालोचक मंडळाच्या पगारावर नसावेत. रणजीचे सगळे सामने प्रादेशिक भाषांत दिसावेत. यातल्या एकाही अटीसाठी नवं तंत्र लागत नाही. बोलीची रक्कम थोडी कमी येईल, आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला ती सोसेल. प्रेक्षकांनी, क्रिकेट संघटनांच्या सभासदांनी आणि वृत्तपत्रांनी ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी, कारण निविदेचा कागद एकदा छापला गेला की पुढची पाच वर्षं बोलण्यासारखं काही उरणार नाही.