डोक्याला मुका मार आणि ऑपरेशनची तारीख

जिच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे आणि मधेच जी डोक्यावर पडली, अशा बाईनं काय करायचं, ते आज बघू.

आपल्याकडे हे विरळ नाही. हायवे गावाला लागून. मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसायची सवय. कायद्यानं मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं, पण ते असलंच तर चालवणाऱ्याच्या डोक्यावर. गतिरोधकावर गाडी उडाली की मागची बाई रस्त्यावर. कधी मनगट मोडतं आणि त्याचंच ऑपरेशन लागतं. कधी पित्ताशयातल्या खड्यांची किंवा गर्भपिशवीची तारीख आधीच घेतलेली असते. भुसावळ-जळगावला सिटी स्कॅन होतो, 'नॉर्मल आहे' म्हणतात आणि डोक्याचा विषय तिथंच संपतो. रक्त नाही, टाके नाहीत, म्हणजे लागलंच नाही!

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीचं हाड मोडलेलं दिसतं. मेंदू आतल्या आत हादरला, तर तो हादरा बहुतेक वेळा दिसत नाही. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. डोकं जड राहतं, चक्कर येते, मळमळतं, उजेड आणि आवाज नको होतो, झोप बिघडते, हातातलं काम विसरायला होतं. बहुतेकींना दोन आठवडे ते महिन्याभरात बरं वाटतं, काहींना जास्त दिवस लागतात. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, तेव्हा त्याच्या जागी चहलला खेळवलं होतं. हेल्मेट घातलेल्या खेळाडूला बसवतात आणि आपली बाई पडली त्याच संध्याकाळी भाकरी थापायला बसते.

आता ऑपरेशनचा संबंध काय, ते सांगते. रक्तदाब वर-खाली झाला तरी मेंदू स्वतःला लागेल तेवढं रक्त घेत असतो. हादऱ्यानंतर काही दिवस ही सोय बिघडलेली असू शकते. भूल दिली की रक्तदाब उतरतो, म्हणजे नेमकी नको तेव्हा ओढाताण. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, गर्भपिशवीच्या वेळी डोक्याकडची बाजू खाली करतात, त्यानं डोक्यातला दाब वाढतो. शिवाय ऑपरेशननंतरची गुंगी आणि उलटी भुलेची की डोक्याच्या माराची, हे ओळखणं अवघड होतं.

म्हणून ज्या माणसाला हे सांगायलाच हवं तो म्हणजे भूलतज्ज्ञ. सर्जनला सांगितलं की पोचलं, असं धरू नका. कधी पडलात, शुद्ध गेली होती का, उलट्या झाल्या का, अजून काय त्रास आहे, सगळं कागदावर लिहून न्या, कारण अशा दिवसांत आठवण दगा देते. स्कॅनचा कागद आणि चालू गोळ्याही सोबत घ्या. सोबत नणंद, जाऊ, मुलगी, कुणीतरी ऐकणारं असू द्या. सहीच्या कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवायला सांगा.

थांबण्यासारखं ऑपरेशन असेल तर डोकं पूर्ण सुधारेपर्यंत थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. खडे त्रास देत नसतील, गर्भपिशवीतून जास्त रक्त जात नसेल, तर महिन्यानं बिघडत नाही. अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, अडलेलं बाळंतपण थांबत नाही. तिथं भूलतज्ज्ञ जपून भूल देतात. मोडलेलं हाड या दोन्हींच्या मधलं. काही दिवस थांबतं, फार नाही. हातापुरती भूल देता येते का, हे विचारायला लाजू नका. योजनेतली तारीख बुडेल या भीतीनं कुणी मार लपवू नये. महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, पुढच्या तारखेचं त्यांना विचारा.

मधल्या दिवसांत पहिले एक-दोन दिवस खरी विश्रांती घ्या. मग हळूहळू हलकी कामं करा. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायची गरज नसते. डोकं ठणकायला लागलं की हातातलं सोडून बसा. मोबाईल कमी करा. दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना थांबवायची, ना वाढवायची. मिश्री मात्र आजच सोडा, जखम भरायला तिचा अडथळा होतो.

उपाशी राहण्याचंही तेच, विचारून घ्या. साधारणपणे हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्या बाया आदल्या दुपारपासूनच पाणी सोडतात आणि मग डोकं दुखतं. सकाळचा चहा चुकला तरी दुखतं. तेव्हा ऑपरेशनच्या सकाळी डोकं दुखलं तर नर्सताईंना सांगा, रोजच्यासारखं आहे की वेगळं.

डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, झटका आला, माणूस उठवूनही उठेना, कानानाकातून पाणी आलं, तर तारखेची वाट बघू नका, 108 ला फोन करा. घरात वयस्कर सासूबाई किंवा आजेसासू पडल्या असतील तर महिना-दीड महिना लक्ष ठेवा. त्यांच्या डोक्यात रक्त सावकाश साचू शकतं. चाल बिघडली, बरळायला लागल्या, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, स्कॅन परत करून घ्या.