सूत्र तिजोरीत, चव प्रयोगशाळेत!

१९७७ साली कोका-कोला कंपनीने भारतातून आपला गाशा गुंडाळला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार, म्हणजेच ‘फेरा’नुसार, कंपनीने आपल्या भारतीय उद्योगातील विदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणावे आणि पेयाच्या अर्काचे तंत्रज्ञानही भारतीय कंपनीकडे सोपवावे, अशी तत्कालीन जनता सरकारची भूमिका होती. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. सूत्र देण्यास कंपनी तयार झाली नाही. बाटल्या दुकानांतून नाहीशा झाल्या आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे एक आगळीच कामगिरी आली. देशी कोलाचा अर्क तयार करण्याची! त्यातूनच ‘डबल सेव्हन’ हे सरकारी पेय जन्माला आले.

या प्रसंगाने उभा केलेला प्रश्न आजही तितकाच रंजक आहे. एखाद्या पेयाचे सूत्र तिजोरीत बंद असेल, तर केवळ बाटली हाती घेऊन त्याची चव प्रयोगशाळेत जशीच्या तशी उभी करता येते का?

बाटलीवर काय लिहिलेले असते?

कोलाचे बरेचसे गुपित खरे तर बाटलीवरच छापलेले असते. साखर, कार्बन डायऑक्साइड, फॉस्फरिक आम्ल, कॅरॅमलचा रंग आणि कॅफीन. नेहमीच्या कोलात १०० मिलिलिटरमागे सुमारे दहा-अकरा ग्रॅम साखर असते. आम्लता इतकी तीव्र असते, की त्याचा पीएच अडीचच्या आसपास येतो. हे घटक मोजणे ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने किरकोळ बाब आहे. खरी मेख ‘स्वाद’ या एका शब्दात दडलेली असते. लिंबू, संत्रे, दालचिनी, जायफळ, धने यांसारख्या पदार्थांची तेले कोलात अत्यल्प प्रमाणात वापरली जातात. वजनाने नगण्य असलेला हा भागच पेयाला त्याची ओळख देतो.

ही तेले ओळखण्याचे प्रमुख साधन म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी. १९५२ मध्ये अँथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी या तंत्राचे आजचे प्रचलित रूप जगापुढे मांडले. नमुन्याची वाफ करून ती हेलियमसारख्या वायूबरोबर एका अतिशय बारीक नळीतून सोडली जाते. ही नळी बहुधा ३० मीटर लांब असते आणि तिच्या आतल्या बाजूला एक पातळ थर असतो. यात्रेची गर्दी अरुंद बोळातून निघाली की घाईतले लोक पुढे जातात आणि दुकानांपाशी रेंगाळणारे मागे पडतात. तसेच इथे होते. आतल्या थराशी ज्या रेणूची सलगी कमी, तो आधी बाहेर पडतो. ज्याची जास्त, तो उशिरा. पलीकडे मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांच्या वस्तुमानांवरून रेणूचे नाव शोधून काढतो.

यंत्राला न दिसणारे

यंत्रातून यादी हाती आली म्हणजे काम फत्ते झाले, असे मात्र नाही. पहिली अडचण अशी, की ज्याची सहज वाफ होत नाही ते या नळीतून जातच नाही. साखर, कॅरॅमलमधील जड रेणू, तसेच जिभेला तुरटपणा देणारी टॅनिन द्रव्ये यांचा शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. तो न घेतल्यास वास हुबेहूब जमतो, पण घोट घेतल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

दुसरी अडचण प्रमाणाची. यंत्राच्या आलेखावरील सर्वांत उंच शिखर हा सर्वांत महत्त्वाचा वास असेलच असे नाही. काही रेणू भरपूर असूनही नाकाला जाणवत नाहीत, तर काहींचा लवलेशही पुरतो. म्हणूनच अनेक प्रयोगशाळांत नळीच्या टोकाशी चक्क माणूस बसवला जातो. बाहेर पडणारा प्रत्येक वास हुंगून तो नोंद करतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. एकाच रेणूची दोन रूपे आरशातील प्रतिबिंबांसारखी असू शकतात. धन्याच्या तेलातील आणि लव्हेंडरच्या तेलातील लिनालूल हे याचे उदाहरण. साध्या नळीला हा फरक कळत नाही, नाकाला कळतो.

शिवाय, पेयात सापडलेला प्रत्येक रेणू मूळ कृतीत असतोच असेही नाही. कोलातील आम्ल लिंबूवर्गीय तेलांतील काही रेणूंचे हळूहळू रूपांतर करत राहते. टर्पिनिऑल हा असाच एक रेणू. तो तेलाबरोबर आला की बाटलीत नंतर तयार झाला, हे यंत्र सांगत नाही. यंत्र दाखवते ते शिजलेले अन्न, स्वयंपाकघरातील कृती नव्हे!

एक वजा केला तर?

या प्रश्नाचा मार्मिक वेध अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साखर आणि फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणात २० शुद्ध सुगंधी द्रव्ये मिसळून अमेरिकेतील एका लोकप्रिय कोलाच्या वासाची प्रतिकृती तयार करण्यात आली. मूळ कोलाशी ती अधिक जुळावी म्हणून प्रमाणे पुन्हा दुरुस्त केली गेली. त्यानंतर काही द्रव्ये वगळून, फरक कळतो का, हे पाहण्यात आले. लवंग-दालचिनीच्या कुळातील द्रव्यांचा अख्खा गट काढल्यावर परीक्षकांना बदल जाणवला. मात्र त्याच गटातील एकेकटे द्रव्य काढल्यावर तो जाणवला नाही. कोलाचा वास कोणा एका जादुई द्रव्यात नसून अनेकांच्या समतोलात आहे, हाच या प्रयोगाचा निष्कर्ष. ‘गुप्त घटका’च्या दंतकथेला यापेक्षा मोठा धक्का कोणता?

हे प्रयोग घरी करू पाहणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. शुद्ध सुगंधी तेले आणि तीव्र फॉस्फरिक आम्ल त्वचेला इजा करू शकतात. कॅफीनची भुकटी मोजण्यात ग्रॅमची चूक झाली, तर ती जिवावर बेतू शकते.

नक्कल की चोरी?

कायद्याच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांना खुली होते. गुपित राखले तर मुदतीचा प्रश्न येत नाही, पण संरक्षणही मर्यादित मिळते. बाजारातून विकत घेतलेल्या वस्तूचे पृथक्करण करून तिची घडण शोधणे हा प्रामाणिक मार्ग आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये केवानी ऑइल खटल्यात म्हटले. कागदपत्रे पळवणे हा मात्र गुन्हा. २००६ मध्ये कोका-कोलाची गोपनीय माहिती पेप्सीला विकण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा पेप्सीनेच प्रतिस्पर्ध्याला सावध केले आणि संबंधितांना पुढे तुरुंगवास घडला. नक्कल केलेले पेय मूळ कंपनीच्या नावाने विकण्याची मुभाही अर्थातच कोणाला नाही.

कृती उघड झाली म्हणून मूळ पेयाचे फारसे बिघडत नाही, ते याच नावामुळे. १९८५ च्या एप्रिलमध्ये कोका-कोलाने स्वतःच आपली चव बदलली. नाव झाकून घेतलेल्या चाचण्यांत नवी चव लोकांना अधिक आवडली होती. तरीही ग्राहकांनी असा गदारोळ केला, की ७९ दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. जिभेने दिलेला कौल मनाने फिरवला.

म्हैसूरच्या प्रयोगशाळेत जन्मलेले ‘डबल सेव्हन’ बाजारात टिकले नाही. त्याच १९७७ साली मुंबईच्या पार्ले कंपनीने आणलेले ‘थम्स अप’ मात्र टिकले. गेलेल्या पेयाची सावली होण्यापेक्षा त्याने अधिक मसालेदार, अधिक झणझणीत अशी स्वतःची चव निवडली. १९९३ मध्ये भारतात परतलेल्या कोका-कोलाने हे पेय विकत घेतले. २०२१ मध्ये त्याची वार्षिक विक्री १ अब्ज डॉलरवर पोहोचल्याचेही कंपनीनेच जाहीर केले. सूत्र देण्यास नकार देऊन गेलेली कंपनी परत येऊन भारतीय चव विकत घेते, यातच सारे आले. यंत्र रेणूंची यादी देऊ शकते. ती चव आपली म्हणायची की नाही, हे शेवटी पिणाराच ठरवतो.