विश्लेषण : पावसाळ्यात बास गिटार का खडखडते? कर्जत-खालापूरच्या हौशी वादकांनी घेताना आणि जपताना काय पाहावे?

नेरळ, कर्जत, खोपोली या पट्ट्यात राहून हौसेने बास गिटार वाजवणाऱ्यांना दरवर्षी एक तक्रार भेडसावते. मे महिन्यात स्वच्छ वाजणारे वाद्य ऑगस्टमध्ये खडखडू लागते. तारा फ्रेटवर आपटतात, सूर टिकत नाही, व्हॉल्यूमचे बटण फिरवले की स्पीकरमधून खरखर येते. वाद्य बिघडले असे समजून ते पाठीवर टाकायचे, लोकलने दोन-सव्वादोन तासांचा प्रवास करून मुंबई गाठायची आणि दुरुस्तीचे पैसे मोजायचे, हा बहुतेकांचा मार्ग. यातला बराचसा खर्च टळू शकतो. कारण अनेकदा वाद्य बिघडलेले नसते, फक्त हवा बदललेली असते.

बास गिटार साध्या गिटारपेक्षा वेगळी कशी?

बासला सहसा चारच तारा असतात आणि त्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. सर्वात जाड ‘ई’ तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. इतका खर्जातला सूर मिळवण्यासाठी तार जाड आणि लांब लागते. बासवर तारेची कंप पावणारी लांबी बहुधा ३४ इंच असते, साध्या इलेक्ट्रिक गिटारवर ती साधारण साडेपंचवीस इंच. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला, तेव्हापासून हे ३४ इंचांचे माप रूढ झाले.

हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा आहे, वाद्याचे नाव मात्र अनेकांना ठाऊक नसते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवणारा १९८२ चा प्रयोग करणारे चरणजित सिंगही बासवादक होते. आजच्या पिढीत मुंबईच्या मोहिनी डे यांचे नाव जगभर घेतले जाते. रायगडच्या हळदी-लग्नांत मात्र बेंजो पार्टीचा जोर. तिथे खर्ज सांभाळण्याचे काम बहुतेकदा कीबोर्डकडेच असते. त्यामुळे या भागात बास घेणारा वादक सहसा एकटाच शिकतो आणि वाद्यात काही बिघडले तर विचारायला शेजारी कोणी नसते.

पावसात नेमके काय होते?

चारही तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७५ ते ८० किलो वजनाइतका होतो. हा ताण वाद्याची मान, म्हणजे नेक, अहोरात्र सोसत असते. मान लाकडाची, त्यावरची फिंगरबोर्डची पट्टी बहुधा वेगळ्या लाकडाची. लाकूड दमट हवेत ओलावा शोषून फुगते, कोरड्या हवेत आकसते. दोन लाकडे सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून मान किंचित वाकते. ती पुढे वाकेल की मागे, हे त्या वाद्यातल्या लाकडांवर अवलंबून असते. त्यामुळे ‘पावसात रॉड अमुक बाजूला फिरवा’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बासवर हा फरक गिटारपेक्षा जास्त जाणवतो. जाड तार छेडल्यावर मोठा झोका घेते, तिला फ्रेटच्या वर मोकळी जागा लागते. मान मिलिमीटरच्या काही दशांशांनी सरकली तरी तार फ्रेटला घासू लागते.

रायगड जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माथेरानच्या डोंगराला टेकून असलेल्या गावांत जुलैमध्ये कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. उलट मार्च-एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात हवा तापते. भिरा इथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेला होता. किनाऱ्यावर हवा वर्षभर दमट असते, आतल्या रायगडात मात्र एकाच वर्षात दोन्ही टोके येतात. वाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता आदर्श मानतात, ती इथे वर्षातले थोडेच दिवस मिळते. उन्हाळ्यात मानेच्या कडेवर हात फिरवताना फ्रेटची टोके बोचू लागली, तर तोही हवेचाच परिणाम असतो. लाकूड आकसते, धातू तसाच राहतो.

ट्रस रॉड म्हणजे काय आणि तो घरी फिरवावा का?

मानेच्या आत लांबीभर बसवलेली पोलादी सळई म्हणजे ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तारा मानेला पुढे ओढतात, रॉड तिला मागे ओढतो. दोन्हींचा तोल नटने साधायचा.

हे काम घरी करता येते, पण क्रम पाळायला हवा. आधी वाद्य सुरात लावायचे. मग पहिला फ्रेट कॅपोने दाबायचा, मान जिथे धडाला मिळते तिथला फ्रेट बोटाने दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट पाहायची. ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट असेल तर रॉडला हात लावायची गरजच नाही. मोजायला फीलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालते, त्याची जाडी साधारण तेवढीच असते. कार्ड अगदी सैल जात असेल तर मान पुढे वाकली आहे, नट घट्ट करायचा. कार्ड शिरतच नसेल तर नट सैल करायचा.

एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावायचे, लाकडाला स्थिर व्हायला रात्रभर वेळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचे. नट फिरत नसेल तर तिथेच थांबायचे. जोर लावून रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त वाद्याच्या किमतीच्या जवळ जातो आणि तिथे हौस संपते. दुसरी चूक चावीची. काही वाद्यांना मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते, काहींना इंचाची. जवळपासच्या मापाची चावी घातली की नटचे कोपरे झिजतात आणि मग कोणतीच चावी पकडत नाही. खोपोली कारखान्यांचे गाव आहे, तिथल्या हार्डवेअर दुकानांत दोन्ही मापांचे संच मिळतात. वाद्याच्या दुकानातून ‘खास’ चावी मागवण्याचे कारण नाही.

मान सरळ झाल्यावरच ब्रिजवरून तारांची उंची ठरवायची. बाराव्या फ्रेटवर दोन ते अडीच मिलिमीटर उंची बहुतेकांना सोयीची वाटते. शेवटी सूर तपासायचा. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर नेमका एक सप्तक अंतरावर हवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल मागे सरकवायचा, उतरता असेल तर पुढे. मोबाइलवरचा फुकट ट्यूनर यासाठी पुरतो. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा करावे लागते.

घेताना काय पाहावे?

नव्या वाद्यांत साधारण १५ ते २५ हजार रुपयांत नावाजलेल्या कंपन्यांचे सुरुवातीचे बास मिळतात. ऑनलाइन मागवणे सोपे आहे, पण बास हातात घेऊन पाहण्याची वस्तू आहे. वजन चार किलोच्या आसपास असते आणि काही वाद्यांचे डोके जड असल्याने पट्टा लावून उभे राहिले की मान खाली झुकते. ते फोटोत कळत नाही. मुंबईत धोबी तलावला १८६५ पासूनचे फुर्टाडोज आहे, सीएसएमटीहून चालत जाण्याजोगे. कर्जतकरांसाठी पुणेही फार लांब नाही.

जुने वाद्य घेणार असाल तर मानेची टोकाकडून, बंदुकीची नळी पाहावी तशी, तपासणी करावी. सरळ किंवा किंचित पुढे झुकलेली मान चालते. पीळ पडलेली, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली गेलेली मान घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी. ट्रस रॉडचा नट थोडा फिरतो का, हे विकणाऱ्यासमोरच पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. त्याला पाच मिनिटे लागतात आणि पहिल्या पाच फ्रेटवर पडलेले खड्डे तेव्हाच कानाला कळतात. तारा गंजलेल्या असतील तर हरकत नाही. नवा संच साधारण दीड ते तीन हजारांत येतो, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यावेत.

अ‍ॅम्प्लिफायरबाबत एक इशारा. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पला किंवा घरच्या होम थिएटरला बास जोडून आवाज चढवला तर स्पीकरचा पडदा फाटू शकतो. सरावासाठी हेडफोनची सोय असलेला लहान बास अ‍ॅम्प पुरे. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक असते. खर्जाचे असे सूर भिंतीतून सहज पलीकडे जातात, त्यामुळे तो ऐकायला शेजाऱ्यांना कान द्यावा लागत नाही.

ऐन आणि शिसव बासमध्ये कुठून आले?

फिंगरबोर्डसाठी जगभर वापरला जाणारा ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे आपला शिसव. शिसवाच्या संपूर्ण प्रजातीगटावर २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली निर्बंध आले आणि गिटार निर्यात करणाऱ्यांना कागदपत्रांचा ससेमिरा लागला. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्यांनी पर्यायी लाकडे वापरायला सुरुवात केली. त्यातलेच एक ‘इंडियन लॉरेल’, म्हणजे ऐन. सह्याद्रीच्या जंगलात मगरीच्या पाठीसारखी साल असलेले ऐनाचे झाड ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या हातातल्या स्वस्त बासवर तीच पट्टी असण्याची शक्यता बरीच आहे.

ही दोन्ही लाकडे उघडी, पॉलिशविना असतात. तारा बदलताना वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचा पातळ हात पुरतो. खोबरेल तेल लावू नये, ते चिकटते आणि धूळ धरते. फिकट रंगाच्या, लॅकर मारलेल्या मेपलच्या पट्टीला तेलाची गरजच नसते.

खरखर आणि हम : दुरुस्ती गावात होईल का?

बहुतेकदा होते. साध्या बासच्या पोटात दोन किंवा तीन व्हॉल्यूम-टोन कंट्रोल, एक कपॅसिटर आणि एक जॅक एवढेच असते. जुन्या रेडिओपेक्षाही हे सर्किट सोपे आहे. टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही कारागीर ते करू शकतो. त्याला एवढेच सांगावे की कंट्रोलच्या धातूच्या पाठीवर सोल्डर मारायला ४० ते ६० वॉटची इस्त्री लागते, मोबाइलच्या कामाची बारीक इस्त्री पुरत नाही. नुसती खरखर असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-तीस वेळा फिरवावे. आवाज मधूनच जात असेल तर पहिला संशय केबलवर, दुसरा जॅकच्या सैल नटवर घ्यावा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली राहिली की ती उतरत राहते. वाजवणे संपले की केबल काढावी.

फ्रेट समतल करणे, नवे फ्रेट बसवणे ही कामे मात्र गिटारच्या कारागिराचीच. फर्निचरचा सुतार कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे हे काम देऊ नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिटारचे असे कारागीर राज्यात थोडे आहेत आणि त्यांच्यासाठी मुंबई किंवा पुण्यालाच जावे लागते. जाताना कुशन असलेली जाड पिशवी हवी. गर्दीच्या डब्यात पहिला मार वाद्याच्या डोक्याला बसतो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजीच्या वादकांनी खोपोली शाखेवरच्या मोजक्या गाड्यांचे वेळापत्रक आधी पाहिलेले बरे.

ठेवायचे कुठे?

पावसाळी वाऱ्याच्या बाजूच्या ओल्या भिंतीला टेकवून नको, बंद माळ्यावरही नको. पॉल मॅकार्टनी यांचा १९७२ मध्ये चोरीला गेलेला हॉफनर बास इंग्लंडमधल्या एका माळ्यावर सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी जगभर झाली. तो बासही दुरुस्तीशिवाय वाजवण्याजोगा नव्हता. घरातल्या आतल्या भिंतीवर, हवा खेळती असलेल्या जागी टांगणे उत्तम. पिशवीत ठेवायचे तर सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढावे. कपाटात बल्ब लावून ओल घालवण्याची घरगुती युक्ती वाद्याला मानवत नाही, एकाच बाजूने तापलेली मान पिळवटते. वाजवून झाल्यावर तारा सुक्या सुती फडक्याने पुसल्या तर पावसाळ्यातही बराच काळ टिकतात. जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकून, कोरड्या करून पुन्हा चढवण्याची युक्ती काही दिवस खणखणीतपणा परत आणते, गंजलेल्या तारांना तिचा उपयोग नाही.

अर्थिंगचा प्रश्न इतका गंभीर का?

बासच्या तारा ब्रिजमार्गे केबलच्या अर्थला आणि तिथून अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणूनच तारांना हात लावला की हम कमी होतो, आणि तसे होणे योग्य जोडणीचे लक्षण आहे. हात लावल्यावर हम वाढत असेल तर आतली अर्थची वायर तुटली आहे किंवा जॅकची जोडणी उलटी आहे. पण घराच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर तोच प्रवाह तारांपर्यंत पोहोचतो. एक हात तारांवर आणि ओठ दुसऱ्या लाइनवरच्या माइकला, ही सर्वात धोक्याची स्थिती. स्टोन द क्रोज बँडचे गिटारवादक लेस हार्वे यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी इथे मंचावरच असा मृत्यू झाला.

फार्महाऊसवरचे कार्यक्रम, मांडवातला जनरेटर, एकाला एक जोडलेले एक्स्टेंशन बोर्ड इथे अर्थची पिन अनेकदा नावापुरतीच असते. हम जावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकणारेही आहेत. ते कधीही करू नये. सॉकेटमध्ये खोचून अर्थिंग दाखवणारा टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वाजवू नये. आणि तारांना हात लावताना हलकी झिणझिणी जाणवली, तर आधी अ‍ॅम्पचा स्विच बंद करून प्लग काढावा, आणि इलेक्ट्रिशियनने सॉकेट व अ‍ॅम्प दोन्ही तपासेपर्यंत वाद्य पुन्हा जोडू नये.