तळहाताएवढ्या वर्तुळातले दशावतार

भारतीय लघुचित्रकलेचा विचार बहुधा मुघल, राजस्थानी आणि पहाडी दरबारांतल्या पोथीचित्रांपासून सुरू होतो आणि संग्रहालयातल्या काचेपाशी येऊन थांबतो. परंतु याच कलेची एक शाखा अशी आहे की जिच्यातली चित्रे पिसली जात, वाटली जात आणि भर डावात चादरीवर टाकली जात. ही शाखा म्हणजे गंजिफा, अर्थात हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, आणि महाराष्ट्रात तिचे माहेर म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातली सावंतवाडी. हौस म्हणून लघुचित्रण करू पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा सापडणे कठीण आहे.

हा खेळ भारतात आला तो मुघलांच्या आगेमागे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या पत्त्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. मुघल गंजिफात आठ गटांची ९६ पाने असत. पुढे हिंदू चित्रकारांनी आणि खेळणाऱ्यांनी तो खेळ आपलासा केला, तेव्हा गटांच्या जागी विष्णूचे अवतार आले आणि दहा गटांची, प्रत्येकी बारा पानांची, १२० पानांची दशावतारी गंजिफा तयार झाली. दरबारासाठी हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचे कवच वापरून केलेल्या संचांना ‘दरबार कलम’ आणि सामान्यांसाठी कापडाच्या किंवा कागदाच्या थरांवर रंगवलेल्या संचांना ‘बाजार कलम’ म्हणत.

पत्त्यांच्या भाषेत गटाला ‘रंग’ म्हणतात, आणि गंजिफात तो शब्द अक्षरशः खरा ठरतो, कारण प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची असते. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दशीपर्यंत दहा पाने असतात. राजाच्या पानावर प्रत्यक्ष अवतार असतो. बाकीच्या दहा पानांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा येते, म्हणजे मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, रामाचे बाण. या खेळात हुकूम नसतो. पडलेली पाने ध्यानात ठेवणे हीच त्यातली खरी कसोटी, आणि दिवसा डावाची सुरुवात रामाने तर रात्री कृष्णाने होते.

म्हणजे संचातली वीस पाने मूर्तिचित्रांची आणि शंभर पाने खुणांची, आणि छंद म्हणून कुंचला धरणाऱ्याचा खरा आनंद या शंभरांत आहे, असे म्हणणे धाडसाचे वाटले तरी ते बरोबर आहे. दशावतारातला मासा एकदा नीट काढता आला की तो त्याच रंगात पंचावन्न वेळा काढायचा असतो, आणि पानाचे वर्तुळ मात्र तळहातात मावेल एवढेच राहते. एक्क्यावर एकटा मासा भोवतालच्या मोकळ्या जमिनीत हरवू नये म्हणून वेलबुट्टी घालावी लागते, तर दशीवर दहा मासे एकमेकांना न खेटता, तरीही एका नजरेत मोजता येतील असे बसवावे लागतात. पाचवीपर्यंत अडखळणारी शेपटीची रेघ आठवीवर कुंचल्याच्या एका ओढीत उतरू लागते. ही प्रगती दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही. पाने ओळीने मांडली की ती दिसते.

पान घडवण्याची रीतही सावकाशीची आहे. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून ताठ केले जातात, त्यावर पांढऱ्या खडूचा लेप चढतो, तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटला जातो, आणि मगच त्यातून गोल पाने कापली जातात. घोटाई कमी पडली तर बारीक रेघ फुटते. परंपरेने खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरत. आज कृत्रिम केसांचा चांगला बारीक कुंचला घरच्या कामाला पुरतो. आधी जमीन, मग आकृतीचे सपाट रंग, आणि शेवटी कडांची आखणी, हा क्रम मोडता येत नाही. तयार पानावर लाखेचा हात फिरवल्याने त्याला चकाकी येते आणि हाताचा घाम रंगापर्यंत पोचत नाही.

सावंतवाडीत हे काम चितारी घराण्यांचे. लाकडी खेळणी आणि लाखकाम करणाऱ्या या कारागिरांकडे गंजिफाची मागणी छापील पत्ते आल्यावर आटत गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ संपली होती. ती वाचवण्याचे श्रेय राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांना जाते. त्यांनी जुन्या जाणकार कारागिराकडून ही विद्या समजून घेतली, राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती धरला, आणि १९७१ मध्ये राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्स हे केंद्र सुरू झाले. तिथे राजवाड्याच्या दालनात कारागीर बसून पाने रंगवतात आणि येणाऱ्याला ते पाहता येते. आश्रयदात्याने केवळ पैसा देण्याऐवजी स्वतः शिकायला बसावे, ही गोष्ट आपल्याकडच्या कलांच्या इतिहासात दुर्मीळ आहे, आणि एका व्यक्तीच्या गोडीचे बळ किती असते ते तिच्यातून दिसते.

पानाची मागची बाजू कोरी, एकाच रंगाची ठेवतात. तिच्यावर चित्र नसते, तरी रंगवणाऱ्याची सर्वांत कडक परीक्षा तिथेच होते: १२० पानांपैकी एकाच्याही पाठीवर कुंचल्याचा वेगळा ओरखडा, रंगाचा थेंब किंवा जाड फटकारा राहिला, तर खेळणारा ते पान उलथे असतानाच ओळखतो.