संभाजीराजे : निवडीतला कवी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या निवृत्ती चौकातून पन्हाळगड वीसेक किलोमीटरवर आहे. एप्रिल १६८० मध्ये शिवछत्रपतींचे निधन झाले, तेव्हा युवराज संभाजीराजे याच गडावर होते. त्यांनी संस्कृतात ‘बुधभूषण’ रचल्याचे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते; ग्रंथ वाचलेला माणूस मात्र विरळा. ह. दा. वेलणकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२६ मध्ये छापला. त्यातले बरेचसे श्लोक जुन्या ग्रंथांतले आहेत. मग राजांना कवी कसे म्हणायचे, हा पहिला आक्षेप. पण जुन्या शास्त्रांतून सार काढून हा ग्रंथ करतो आहे, असे कर्त्याने आरंभीच सांगितले आहे. चोरी करणारा असे सांगत नाही. आरंभी वंशवर्णन आणि पुढे राजा, अमात्य, कोश, दुर्ग, सेना यांचा विचार, ही मांडणी राज्य चालवायला निघालेल्या माणसाची आहे. पंडितांनी हात लावला असेलही. तरी काय ठेवायचे आणि कशासाठी, हा निर्णय ग्रंथाला आकार देतो. जपानच्या दरबारात तर निवड हीच मोठी काव्यकला मानली जाई. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) हा सरदार थोर कवी होताच. पण निवृत्त सम्राट गो-तोबाच्या आज्ञेने झालेल्या ‘शिन कोकिन्शू’चा तो एक संपादक होता आणि शंभर कवींची एकेक कविता घेतलेला ‘ह्याकुनिन इश्शू’ परंपरेने त्याच्याच नावावर आहे.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ या राजांच्या नावावरच्या ब्रज रचना शृंगाराच्या. विरोधकांना त्यात विलासाचा पुरावा दिसतो, तर भक्तांना त्यांचा उल्लेखच नकोसा होतो. दोघेही कवितेला कबुलीजबाब समजतात. नायिकांचे प्रकार लावणे हा त्या काळच्या रीतिकाव्यातला ठरलेला अभ्यास होता. दरबारी कवीची तयारी त्यातूनच जोखली जाई. ‘ह्याकुनिन इश्शू’तली तेइकाची स्वतःची कविताही प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या तोंडची आहे. त्यावरून कोणी त्याचे चरित्र लिहीत नाही.

तेव्हा या रचनांतून राजांचे चारित्र्य शोधणे थांबवून त्यांची घडण शोधावी. तुळापूरचा शेवट त्यांचे धैर्य सांगतो. राज्यकर्ता होण्यासाठी हा युवराज काय वाचत होता आणि त्यातले काय जवळ ठेवत होता, ते ‘बुधभूषण’च सांगते.